प्रत्यय कोण वेगळा करतो? कोरियन साधित शब्दांच्या वाचनाविषयीच्या संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

वाचक साधित शब्द वाचतो तेव्हा नेमके काय घडते? तो शब्द त्याच्या मनात अखंड स्वरूपात ओळखला जातो, की आधी प्रकृती आणि प्रत्यय वेगळे केले जातात आणि मग अर्थाकडे वाटचाल होते? मनोभाषाविज्ञानात हा प्रश्न गेली पन्नास वर्षे चर्चेत आहे. १९७५ साली मार्कस टॅफ्ट आणि केनेथ फॉर्स्टर यांनी इंग्रजी शब्दांवरील प्रयोगांच्या आधारे दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने कौल दिला. वाचक शब्दाला लागलेला भाग आधी 'सोलून काढतो' आणि उरलेल्या प्रकृतीचा मनातील शब्दकोशात शोध घेतो, अशी त्यांची मांडणी होती. ही मांडणी मुळात उपसर्गयुक्त शब्दांवरून झाली होती. प्रत्ययांपर्यंत तिचा विस्तार पुढे झाला, हे अनेकदा विसरले जाते.

संस्कृत व्याकरणाची परंपरा ज्या अभ्यासकांच्या परिचयाची आहे, त्यांना प्रकृती-प्रत्यय विभागणीत नवे काही वाटणार नाही. परंतु वैयाकरणाने केलेली विभागणी आणि वाचकाच्या मनात क्षणार्धात होणारी विभागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली विश्लेषणाची सोय आहे. दुसरी खरोखर घडत असेल, तर ती प्रयोगाने दाखवावी लागते. कोरियन भाषेतील प्रत्ययान्त शब्दांवर झालेले प्रयोग या संदर्भात वारंवार पुढे केले जातात. कोरियन ही इंग्रजीशी कोणतेही कौटुंबिक नाते नसलेली, प्रत्ययबहुल भाषा आहे. तेथेही विभाजनाचा पुरावा मिळाला, तर तो मानवी मनाचा सार्वत्रिक गुणधर्म ठरतो, असा हा युक्तिवाद आहे. प्रस्तुत लेखात या युक्तिवादाची तपासणी करावयाची आहे. ज्याला वाचकाने केलेले विभाजन म्हटले जाते, त्याचा मोठा भाग कोरियन लेखनपद्धतीने वाचकाच्या आधीच करून ठेवलेला आहे, आणि तोही अर्थाचा विचार करून, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इंग्रजी प्रयोगाचा साचा

कोरियन प्रयोगांची घडण समजण्यासाठी आधी इंग्रजी साचा पाहणे आवश्यक आहे. फॉर्स्टर आणि डेव्हिस यांनी १९८४ मध्ये 'मास्क्ड प्रायमिंग' या नावाने रूढ झालेले तंत्र मांडले. पडद्यावर आधी निरर्थक चिन्हांची ओळ दिसते. मग एक शब्द इतका थोडा वेळ झळकतो की वाचकाला तो दिसल्याची जाणीवही होत नाही. लगेच दुसरा शब्द येतो आणि तो खरा शब्द आहे की नाही हे वाचकाने बटण दाबून सांगावयाचे असते. झळकून गेलेल्या शब्दामुळे हा निर्णय काही मिलिसेकंदांनी लवकर झाला, तर त्या दोन शब्दांचा मनात काहीतरी संबंध आहे असे मानले जाते.

या तंत्राचा सर्वाधिक गाजलेला उपयोग कॅथलीन रॅसल, मॅथ्यू डेव्हिस आणि बोरिस न्यू यांनी २००४ मध्ये केला. त्यांनी तीन प्रकारच्या जोड्या घेतल्या. 'क्लीनर' आणि 'क्लीन' या जोडीत प्रत्यय खरा असून अर्थसंबंधही आहे. 'कॉर्नर' आणि 'कॉर्न' या जोडीत 'अर' हा प्रत्यय असल्याचा केवळ भास होतो, कोपऱ्याचा मक्याशी काही संबंध नाही. 'ब्रॉथेल' आणि 'ब्रॉथ' या तिसऱ्या जोडीत तर शेवटचा तुकडा प्रत्ययही नाही. पहिला शब्द सुमारे ४२ मिलिसेकंद झळकवला असता पहिल्या दोन प्रकारांत निर्णयाला मदत झाली, तिसऱ्यात झाली नाही. यावरून असा निष्कर्ष काढला गेला की वाचनाच्या अगदी पहिल्या टप्प्यावरील विभाजन अर्थनिरपेक्ष असते. मन केवळ रूप पाहते, प्रत्ययासारखे काही दिसले की ते तोडते, आणि अर्थाची चौकशी मागाहून होते.

हा निष्कर्ष निर्विवाद राहिला नाही. लॉरी फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अर्थसंबंध असलेल्या जोड्यांत परिणाम अधिक असल्याचे दाखवून आक्षेप घेतला. थोडक्यात, वादाचा सारा भार 'कॉर्नर' या दुसऱ्या प्रकारावर आहे. अर्थाचा संबंध नसताना केवळ रूपामुळे विभाजन होते का, हे फक्त त्याच प्रकारातून कळू शकते. म्हणून कोणत्याही भाषेत हा प्रयोग नेताना पहिला प्रश्न असा विचारावयास हवा की त्या भाषेच्या लेखनात 'कॉर्नर' संभवतो का.

चौकटीतील लिपी आणि १९३३ चा निर्णय

हांगुल ही लिपी राजा सेजोंग याच्या काळात १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर झाली. तिची घटकचिन्हे स्वर आणि व्यंजने स्वतंत्रपणे दाखवतात, परंतु ती एका ओळीत मांडली जात नाहीत. एका उच्चारावयवाची चिन्हे एका चौकोनी चौकटीत बसवली जातात: वर किंवा डावीकडे आरंभीचे व्यंजन, मग स्वर, आणि तळाशी अंत्य व्यंजन. आपल्या देवनागरीतही स्वरचिन्ह व्यंजनाभोवती बसते, पण अंत्य व्यंजनाला तळाची हक्काची जागा देवनागरीत नाही. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

या लेखात कोरियन शब्द देवनागरीत दिले असून दोन चौकटींमध्ये बिंदू टाकला आहे. स्वरांचे लेखन केवळ जवळपासचे आहे, ते अचूक मानू नये.

चौकटीची लिपी असली की एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. प्रकृतीच्या शेवटी व्यंजन असेल आणि प्रत्यय स्वराने सुरू होत असेल, तर ते व्यंजन कोणत्या चौकटीत लिहावयाचे? उच्चारात ते पुढच्या स्वराला जाऊन मिळते. 'उंच' या अर्थाच्या 'नोफ्' या प्रकृतीला 'इ' हा प्रत्यय लागून 'उंची' या अर्थाचा शब्द होतो आणि त्याचा उच्चार 'नोफी' असा होतो. उच्चाराप्रमाणे लिहावयाचे तर 'नो·फि' असे लिहावे लागेल. प्रकृती जपावयाची तर 'नोफ्·इ' असे लिहावे लागेल. मराठीपुरते बोलावयाचे तर 'उंची' असे न लिहिता 'उंच्·ई' असे लिहिण्याचा नियम करण्यासारखे हे आहे.

जू सी-ग्यॉंग (१८७६–१९१४) या व्याकरणकाराने दुसऱ्या पर्यायाचा आग्रह धरला. त्याच्या शिष्यपरंपरेतील अभ्यासकांच्या कोरियन भाषा मंडळाने, जपानी राजवटीच्या काळात, १९३३ साली एकीकृत लेखननियम प्रसिद्ध केले आणि त्यांत हे तत्त्व स्वीकारले. (याच मंडळाच्या सभासदांना १९४२ मध्ये अटक झाली आणि त्यांतील दोघांचा तुरुंगात मृत्यू झाला. शुद्धलेखनाचे नियम करणे हे सर्वत्र निरुपद्रवी काम नसते.) या तत्त्वाचा परिणाम किती दूरवर जातो हे 'फूल' या अर्थाच्या शब्दावरून दिसेल. तो शब्द लिहिताना नेहमी 'क्कोछ्' असाच लिहिला जातो. परंतु एकटा असताना त्याचा उच्चार 'क्कोत्' होतो, कर्त्याचा प्रत्यय लागल्यावर 'क्कोछि', 'सुद्धा' या अर्थाचा प्रत्यय लागल्यावर 'क्कोत्तो', आणि 'फक्त' या अर्थाचा लागल्यावर 'क्कोन्मान्'. कानाला चार वेगवेगळी रूपे ऐकू येतात, डोळ्याला मात्र पहिली चौकट चारही वेळा तीच दिसते.

हे तत्त्व सर्वमान्य होते असेही नाही. अध्यक्ष सिंगमन री यांनी १९५३ मध्ये लेखन सोपे करण्याचा आदेश दिला. १९५४ मध्ये त्यांच्या शासनाने मांडलेल्या योजनेत दोन गोष्टी होत्या. तळाला लिहावयाच्या अंत्य व्यंजनांची संख्या दहावर आणावी, आणि साधित शब्दांत मूळ प्रकृती उघड करून दाखवू नये. म्हणजे 'उंची' हा शब्द ऐकू येतो तसा लिहावा. अभ्यासक, शिक्षक आणि वृत्तपत्रे यांच्या तीव्र विरोधानंतर १९५५ मध्ये ही योजना मागे घ्यावी लागली. लिहिणाऱ्याला सोपे काय आणि वाचणाऱ्याला सोपे काय, हाच या संघर्षाचा गाभा होता. प्रकृती जपणारे लेखन शिकावयास अवघड असते, कारण उच्चारावरून ते कळत नाही. वाचकाला मात्र ते प्रकृती हातात आणून देते. वाचकाच्या मनातील विभाजनाचा शोध घेणाऱ्या संशोधकांनी या वादाला आपल्या विवेचनात मध्यवर्ती स्थान द्यावयास हवे होते. बहुतेक ठिकाणी तो प्रस्तावनेतील एखाद्या वाक्यात आटोपला जातो.

यौगिक आणि रूढ यांतील भेद लेखनात

आतापर्यंतचे विवेचन एवढेच सांगते की कोरियन लेखन प्रकृती उघड दाखवते. खरी अडचण याच्या पुढची आहे. हे लेखन सर्वच साधित शब्दांत प्रकृती दाखवत नाही. कोठे दाखवावी आणि कोठे दाखवू नये हे ते ठरवते, आणि ठरवताना अर्थ विचारात घेते.

१९८८ साली जाहीर झालेल्या आणि १९८९ पासून दक्षिण कोरियात लागू असलेल्या लेखननियमांचे कलम १९ पाहण्यासारखे आहे. धातूला किंवा विशेषणाला 'इ' अथवा 'उम्' हा प्रत्यय लागून नाम झाले, तर प्रकृतीचे मूळ रूप जपून लिहावे, असे ते सांगते. पण लगेच अपवाद येतो: अशा शब्दाचा अर्थ प्रकृतीच्या अर्थापासून दूर गेला असेल, तर मूळ रूप जपू नये. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर यौगिक शब्दात प्रकृती दाखवावी, रूढ शब्दात दाखवू नये.

उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल. 'गिल्' म्हणजे लांब. त्यापासून 'लांबी' या अर्थाचा शब्द 'गिल्·इ' असा लिहितात. त्याच प्रकृतीपासून, 'नाक' या अर्थाच्या 'को' शी जोडून, हत्तीचे नाव झाले आहे. ते मात्र 'को·क्कि·रि' असे लिहितात आणि त्यात 'लांब' कोठेही दिसत नाही. हत्ती म्हणताना कोणालाही आता 'लांब नाकाचा' असे वाटत नाही, म्हणून लेखनानेही ते नाते सोडून दिले. याहून उद्बोधक अशा काही जोड्या आहेत ज्यांचा उच्चार अगदी एकच आहे. 'पाऊल' या अर्थाचा शब्द चालणे या क्रियेशी जोडलेला असल्यामुळे 'गॉल्·उम्' असा लिहितात. 'खत' या अर्थाचा शब्द जमिनीचा कस दाखवणाऱ्या प्रकृतीपासून आलेला असूनही आता दूर गेला आहे, म्हणून तो 'गॉ·रुम्' असा लिहितात. उच्चार दोन्हींचा 'गॉरुम'. (ल आणि र यांना हांगुलमध्ये एकच चिन्ह आहे. ते चौकटीच्या तळाशी ल असते आणि आरंभी र.) 'खेळ' या अर्थाचा 'नोल्·उम्' आणि 'जुगार' या अर्थाचा 'नो·रुम्' यांचेही तसेच. गळ्यातला दागिना 'मोक्·गॉल्·इ', आणि मानेचे दुखणे 'मोक्·गॉ·रि'.

कलम तेवढ्यावर थांबत नाही. 'इ' आणि 'उम्' यांव्यतिरिक्त स्वराने सुरू होणारे जे प्रत्यय शब्दाचा वर्ग बदलतात, त्यांच्या आधी प्रकृती जपली जात नाही. 'मरणे' या अर्थाच्या 'जुक्' पासून 'मृत्यू' हा शब्द 'जुक्·उम्' असा होतो आणि 'प्रेत' हा शब्द 'जु·गॉम्' असा. पहिल्यात मरण डोळ्यांना दिसते, दुसऱ्यात ते चौकटींच्या सीमेवर विरून गेले आहे. याउलट प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर प्रकृती सामान्यतः अबाधित राहते. 'झाकणे' पासून 'झाकण' हे 'दॉफ्·गॅ', परंतु 'बंद करणे' पासून 'बूच' हे 'मा·गॅ'. दोन्ही वस्तूंचे काम जवळपास एकच, पण लेखनात एकीची प्रकृती दिसते आणि दुसरीची दिसत नाही.

आता 'कॉर्नर'चा प्रश्न पुन्हा विचारू. इंग्रजीत दुसरा प्रकार शक्य होतो, कारण इंग्रजी लेखन 'क्लीनर' आणि 'कॉर्नर' यांना सारखेच वागवते. कोरियनमध्ये 'इ' आणि 'उम्' या दोन प्रत्ययांच्या बाबतीत लेखननियमाने हा दुसरा प्रकार जवळजवळ पुसून टाकला आहे. जेथे अर्थसंबंध नाही तेथे प्रकृतीची चौकटही नाही. त्यामुळे 'नोफ्·इ' झळकवल्यावर 'नोफ्·दा' म्हणजे 'उंच असणे' हा शब्द लवकर ओळखला गेला, तर तो परिणाम रूपाचा की अर्थाचा, हे सांगण्याचा मार्गच उरत नाही. रूप आणि अर्थ यांना नियमकर्त्यांनी एकत्र बांधले आहे. अशा सामग्रीवरून 'पहिल्या टप्प्यावरील विभाजन अर्थनिरपेक्ष असते' असे म्हणणे हे नियमाचे पुस्तक वाचून वाचकाच्या मनाचे वर्णन करण्यासारखे आहे.

इंग्रजी लेखनही पूर्णतः उच्चारानुसारी नाही, असा प्रतिवाद येथे होऊ शकेल, आणि तो योग्य आहे. क्रिस्टियन बर्ग आणि मार्क अॅरोनॉफ यांनी २०१७ मध्ये दाखवले की इंग्रजीतील काही प्रत्ययांचे लेखन कोणाच्याही आज्ञेविना हळूहळू असे स्थिरावले की ते विशिष्ट शब्दवर्गाची खूण बनले. म्हणजे लेखन वाचकाला सर्वत्र काही ना काही मदत करतेच. फरक प्रमाणाचा आहे, हे मान्य. पण इंग्रजीत जे शतकानुशतके आपोआप घडले ते कोरियनमध्ये एका मंडळाने तत्त्व म्हणून ठरवले आणि कलमांत लिहून ठेवले. प्रयोगाच्या दृष्टीने हे प्रमाण दुर्लक्ष करण्याइतके लहान नाही.

साच्याच्या इतर अडचणी

दुसरी अडचण वरकरणी क्षुल्लक वाटेल. इंग्रजी प्रयोगात झळकणारा शब्द लहान लिपीत आणि ओळखावयाचा शब्द मोठ्या लिपीत देतात. दोन्हींचे दृश्य आकार वेगळे असल्यामुळे परिणाम केवळ आकृतीच्या साम्यामुळे झाला असे म्हणता येत नाही. हांगुलमध्ये लहान-मोठी लिपी असा भेदच नाही. अक्षरांचा आकार किंवा वळण बदलणे एवढाच पर्याय उरतो, आणि चौकटीची रचना त्यातही तीच राहते.

तिसरी अडचण अधिक मूलभूत आहे. इंग्रजीत 'क्लीन' हा स्वतंत्र शब्द आहे. कोरियन धातू किंवा विशेषण प्रत्ययाविना उभेच राहू शकत नाही; 'नोफ्' असा शब्द वाक्यात कधीच येत नाही. म्हणून ओळखावयाच्या शब्दालाही 'दा' हा प्रत्यय जोडावा लागतो. मग प्रयोगात 'साधित शब्द आणि त्याची प्रकृती' अशी तुलना होत नाही. एकाच प्रकृतीच्या दोन प्रत्ययान्त रूपांची तुलना होते. इंग्रजी आणि कोरियन निष्कर्ष एका तक्त्यात शेजारी मांडताना हा भेद बहुधा तळटीपेत जातो.

नामांच्या बाबतीत प्रकृती स्वतंत्र असते, हे खरे. म्हणून अनेक संशोधक चिनी मूळ असलेल्या प्रत्ययांकडे वळतात. 'जा' हा 'व्यक्ती' दाखवणारा प्रत्यय लागून 'ग्वा·हाक्·जा' म्हणजे शास्त्रज्ञ होतो. येथे प्रत्ययाला स्वतःची चौकट असते आणि अर्थानुसार लेखन बदलत नाही, त्यामुळे 'कॉर्नर'सारखे शब्द सापडतात. 'उइ·जा' म्हणजे खुर्ची आणि 'मो·जा' म्हणजे टोपी (आपल्या पायातला मोजा तिकडे डोक्यावर जातो). या शब्दांतील 'जा' वेगळ्या चिनी अक्षराचा आहे, पण हांगुलमध्ये तसाच दिसतो. परंतु येथे नवी अडचण उभी राहते. चिनी मुळाच्या शब्दात जवळजवळ प्रत्येक चौकट हा एकेक अर्थवाही घटक असतो. मग प्रत्यय कोणाला म्हणावयाचे आणि समासातील उत्तरपद कोणाला? आणि तिसरा, म्हणजे 'ब्रॉथेल'चा प्रकार तर मिळवणेच कठीण, कारण जिला कोणताही अर्थ जोडलेला नाही अशी शेवटची चौकट सहजासहजी सापडत नाही. किम, वांग आणि टॅफ्ट यांनी २०१५ मध्ये उपसर्गयुक्त आणि प्रत्ययान्त अशा दोन्ही प्रकारच्या कोरियन शब्दांवर झाकलेल्या शब्दाचेच तंत्र वापरले. चौकटी डोळ्यांना ठळक दिसतात आणि त्या पुष्कळदा उपसर्ग-प्रत्ययांशी जुळतात, हे त्यांनी आरंभीच नोंदवले आहे. ही नोंद प्रामाणिक आहे. पण तिच्यातून जे निघावयास हवे ते असे की मिळालेला परिणाम प्रत्यय ओळखल्याचा आहे की केवळ चौकट ओळखल्याचा, हा प्रश्न प्रत्येक प्रयोगात नव्याने सोडवावा लागेल.

ग्रेंजर आणि बायर्समन यांनी २०१७ मध्ये मांडलेले मत येथे उपयोगी पडते. शब्दाच्या कडेला एखादा पूर्ण शब्द दिसला की तो आपोआप जागृत होतो, त्यासाठी प्रत्यय सोलण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कोरियन नामाला प्रत्यय लागताना सामान्यरूप होत नाही आणि नाम डाव्या कडेला जसेच्या तसे राहते. तेव्हा हे साधे स्पष्टीकरणच तेथे अधिक लागू पडावे असे वाटते.

चौकटीच्या आतील सीमा

कोरियनचे सर्वांत समृद्ध क्षेत्र मात्र या प्रयोगांच्या बाहेरच राहते. ते म्हणजे स्वरान्त धातूंची रूपे. 'जाणे' या अर्थाचा धातू 'गा'. त्याचे आदरार्थी बोलण्यातील वर्तमानकाळी रूप 'गाप्·नि·दा' असे लिहितात आणि 'गाम्निदा' असे उच्चारतात. येथे प्रत्ययाचे पहिले व्यंजन धातूच्या चौकटीच्या तळाशी जाऊन बसले आहे. भूतकाळात तर धातू आणि काळाचा प्रत्यय मिळून 'गात्' अशी एकच चौकट होते. 'ते गेले' असे मोठ्या माणसाविषयी म्हणताना 'गा' नंतर कर्त्याविषयीचा आदर दाखवणारा 'शि' आणि भूतकाळाचा 'ऑत्' हे दोन प्रत्यय 'श्यॉत्' अशा एका चौकटीत मिसळतात. म्हणजे चौकटीची सीमा आणि प्रत्ययाची सीमा येथे एकमेकींना छेदतात.

चौकट हेच वाचनाचे एकक असेल तर अशा रूपांत विभाजन व्हावयास नको किंवा उशिरा व्हावयास हवे. प्रत्यय ओळखणे हे चौकटीहून स्वतंत्र असेल तर फारसा फरक पडू नये. वादाचा निकाल लावू शकणारी सामग्री ही आहे. चांग एच. ली आणि टॅफ्ट यांनी २००९ मध्ये इंग्रजी आणि कोरियन वाचकांची तुलना केली होती. शब्दातील अक्षरांची अदलाबदल केली असता इंग्रजी वाचक सहज फसतो, तसा कोरियन वाचक फसत नाही, असे त्यांना आढळले. कारण चौकटीत प्रत्येक चिन्हाची जागा आरंभीची की तळाची हे आधीच ठरलेले असते. चौकटीच्या आत काय कोठे आहे याची कोरियन वाचकाला इतकी सूक्ष्म जाण असेल, तर तळाशी बसलेला प्रत्ययही तो वेगळा पाहत असण्याची शक्यता आहे.

शिवाय अशा चौकटी संदिग्ध असतात. 'सान्' ही एक चौकट म्हणजे डोंगर. पण 'जगणे' या धातूचे 'जिवंत असलेला' हे रूपही 'सान्', आणि 'विकत घेणे' याचे 'विकत घेतलेला' हे रूपही 'सान्'. 'ह्वा·गा' म्हणजे चित्रकार. पण 'ह्वा' म्हणजे राग, आणि त्याला कर्त्याचा 'गा' लागला की तोच लेखी शब्द 'राग' हा कर्ता होऊन 'राग आला' या वाक्यात येतो. पहिला 'गा' साधित शब्द घडवणारा, दुसरा विभक्तीचा. पडद्यावर एकटा शब्द दाखवून घेतलेल्या प्रयोगात वाचक यांपैकी काय वाचतो हे कळण्याचा मार्ग नाही. कोरियन माणूस वर्तमानपत्र वाचताना हे क्षणात करतो, आणि त्यासाठी त्याला पुढचा शब्द लागतो. वाचनाविषयीचा सिद्धांत वाक्याबाहेरच्या शब्दावर उभारण्याची सवय इंग्रजीत खपून गेली. कोरियनमध्ये ती खपू नये.

काय करता येईल

वरील टीकेचा अर्थ कोरियन प्रयोग निरुपयोगी आहेत असा नाही. लेखननियमांनी जी गोष्ट अशक्य केली तिच्या बदल्यात त्यांनी एक दुर्मीळ संधी दिली आहे. 'गॉल्·उम्' आणि 'गॉ·रुम्', 'नोल्·उम्' आणि 'नो·रुम्' या जोड्यांत उच्चार एक, व्युत्पत्तीचा मार्ग एक, आणि लेखन मात्र दोन. हे शब्द ऐकवून आणि वाचायला देऊन दोन्ही रीतींनी तपासले, तर लेखनाचा वाटा वेगळा काढता येईल. लिहिलेल्या 'जुक्·उम्' मुळे 'मरणे' जागृत झाले आणि 'जु·गॉम्' मुळे झाले नाही, पण ऐकताना दोन्हींमुळे झाले, तर विभाजनाचे श्रेय १९३३ च्या मंडळाला द्यावे लागेल. ऐकतानाही तोच भेद टिकला, तर तो अर्थाचा भेद ठरेल आणि लेखन केवळ त्याचे प्रतिबिंब. राम फ्रॉस्ट यांनी २०१२ मध्ये वाचनाच्या सार्वत्रिक सिद्धांताविषयी लिहिताना प्रत्येक लेखनपद्धती आपापल्या भाषेच्या रचनेशी जुळलेली असते, म्हणून वाचनाचा विचार भाषेपासून तोडून करता येत नाही, असा आग्रह धरला होता. कोरियनच्या बाबतीत त्याला पुस्ती अशी जोडावी लागते की ही जुळणी काही वेळा ठरावाने केलेली असते आणि त्या ठरावाची तारीखही सांगता येते.

'कॉर्नर'चा प्रश्न ज्यांना सोडवावयाचा आहे त्यांना मात्र कोरियनपेक्षा मराठी अधिक सोयीची पडेल. मराठी लेखन यौगिक आणि रूढ असा भेद करत नाही. 'उंच–उंची' आणि 'काठ–काठी' यांना ते एकाच प्रकारे लिहिते, जरी काठीचा काठाशी संबंध नसला तरी. दोन्ही ठिकाणी सीमा अक्षराच्या आत, वेलांटीत बुडालेली असते. दुसरीकडे 'लाज–लाजरा' आणि 'नख–नखरा' या जोड्यांत 'रा' ला स्वतःचे अक्षर आहे आणि सीमा उघडी आहे. 'ब्रॉथेल'च्या जागी ठेवावयास 'शेव–शेवगा' मिळतो, कारण 'गा' हा मराठीत प्रत्यय म्हणून चालत नाही. म्हणजे खरा आणि खोटा प्रत्यय, बुडालेली आणि उघडी सीमा, असे चारही कोपरे एकाच भाषेत भरता येतात. देवनागरीतही लहान-मोठी लिपी नाही, ही अडचण येथेही कायम राहील. आणि 'पाऊस–पावसात', 'देऊळ–देवळात' यांसारखी सामान्यरूपे अशा सामग्रीतून कटाक्षाने वगळावी लागतील, कारण त्यांत प्रकृतीच बदलते.